साखरपुड्याला नीलमाची अंगठी घेताना: आधी खडा, मग कोंदण

नीलमाच्या अंगठीबाबत पस्तावलेले लोक खड्याला दोष देतात. खरी चूक बहुतेक वेळा क्रमात झालेली असते. शोकेसमधली तयार अंगठी आवडते, पैसे भरले जातात, आणि सर्टिफिकेट, घरच्यांचं मत, बोटाचं माप या गोष्टी मागाहून आठवतात. तोवर खडा कोंदणात बसलेला असतो. बसवलेल्या खड्याचं नेमकं वजन करता येत नाही, त्याची मागची बाजू नीट दिसत नाही, आणि लॅबलासुद्धा तो सगळ्या बाजूंनी तपासता येत नाही. हिऱ्याच्या बाबतीत तयार दागिना घेऊन निभावतं. नीलमाची किंमत मात्र त्याच्यावर कोणती प्रक्रिया झाली आहे यावर फार अवलंबून असते आणि ती प्रक्रिया नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. म्हणून घरातलं बोलणं, बजेट, सुटा खडा, तपासणी आणि शेवटी कोंदण, हाच क्रम ठेवा.

साखरपुड्याच्या किमान दोन महिने आधी सुरुवात करा. खडा शोधायला वेळ जातो, लॅबचा रिपोर्ट यायला वेळ जातो, आणि दिवाळीच्या किंवा लग्नसराईच्या तोंडावर कारागिरांचे हात रिकामे नसतात. घाईत दिलेलं जडकाम घाईतच होतं.

१. दोन्ही घरांत आधी विचारून घ्या

आपल्याकडे नीलम म्हणजे शनीचा खडा. पत्रिका दाखवल्याशिवाय तो घालू नये असं मानणारी घरं भरपूर आहेत. काही जण तो आधी काही रात्री उशाखाली ठेवून स्वप्नं कशी पडतात ते पाहतात आणि मगच बोटात घालतात. तुमचा यावर विश्वास असो किंवा नसो, अंगठी जिच्या किंवा ज्याच्या बोटात जाणार त्या घरात ही धास्ती असेल, तर ती भर कार्यक्रमात कळायला नको. हॉलमध्ये कुणा आत्यांनी "अगंबाई, नीलम?" एवढं म्हटलं तरी ती अंगठी पुढे कपाटातच राहते.

मुलाच्या आईने विहीणबाईंना सरळ फोन करावा: "ताई, अंगठीत नीलम घ्यायचं मुलांच्या मनात आहे. तुमच्याकडे चालतो ना?" एवढं पुरतं.

दुसरी गोष्ट. ग्रहासाठीची अंगठी आणि साखरपुड्याची अंगठी एकातच साधायला जाऊ नका. ग्रहाची अंगठी मधल्या बोटात, बहुधा चांदीत किंवा पंचधातूत, खडा कातडीला टेकेल अशी करतात आणि खड्याचं वजन ज्योतिषी सांगतील तेवढं घेतात. साखरपुड्याची अंगठी अनामिकेत जाते आणि ती रोज वापरायची असते. दोन्ही हेतू एकत्र केले की वजन एकाच्या मनाचं, घडण दुसऱ्याच्या मनाची, आणि अंगठी कुणाच्याच मनासारखी होत नाही.

निळ्याला घरातून नकार आला तर पुष्कराजाचा विचार करा. नीलम आणि पुष्कराज हे एकाच खनिजाचे, कुरुविंदाचे, दोन रंग. कठीणपणा तोच, टिकाऊपणा तोच, आणि गुरूचा खडा म्हणून लग्नकार्यात त्याचं स्वागतच होतं. गुलाबी नीलमही मिळतो. खालच्या सगळ्या पायऱ्या त्यांनाही लागू आहेत.

२. बजेट ठरवा, पण कॅरेटवर अडून बसू नका

एकूण रकमेतून आधी सोनं, घडणावळ, बाजूचे हिरे असतील तर ते, लॅबची फी आणि दागिन्यावरचा ३ टक्के जीएसटी वजा करा. उरलं ते खड्याचं बजेट. पैसे कमी पडले तर बाजूचे हिरे कमी करा, खड्याचा दर्जा कमी करू नका. माझं स्पष्ट मत आहे की मोठ्या, काळपट नीलमापेक्षा लहान पण उजळ नीलम केव्हाही बरा. काळपट खडा संध्याकाळच्या कार्यक्रमात निळा दिसतच नाही.

वजनाची एक गफलत नेहमी होते. नीलम हिऱ्यापेक्षा जड असतो. त्याची घनता साधारण ४, हिऱ्याची ३.५२. त्यामुळे १ कॅरेटचा गोल हिरा साधारण ६.५ मिलिमीटरचा भरतो, तर १ कॅरेटचा गोल नीलम ६ मिलिमीटरच्या आसपासच. मैत्रिणीच्या १ कॅरेट हिऱ्याएवढाच दिसायला हवा असं मनात धरून १ कॅरेट नीलम मागवला, की तो लहान वाटतो. म्हणून मिलिमीटरमध्ये बोला. कागदावर ७×५ आणि ८×६ मिलिमीटरचे लंबगोल कापून बोटावर ठेवून पाहा. ७×५ चा नीलम साधारण १ कॅरेटचा असतो.

ब्रिटनच्या राजघराण्यातल्या डायाना आणि आता केट यांच्या अंगठीचा फोटो घेऊन बरेच जण पेढीवर जातात. त्या अंगठीतला नीलम १२ कॅरेटचा आहे. तेच डिझाइन १ कॅरेटला उतरवलं की भोवतालचे हिरेच जास्त उठून दिसतात. तसं करायचंच असेल, तर भोवतीचे हिरे बारीक ठेवा.

सावधान: भाव रत्तीत सांगितला तर थांबा. रत्ती वेगवेगळ्या बाजारांत वेगवेगळ्या वजनाची धरतात. भाव आणि वजन दोन्ही कॅरेटमध्ये, दोन दशांश स्थळांपर्यंत लिहून घ्या. १ कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम, यात कुठेही फरक पडत नाही.

३. बोटाचं माप

माप संध्याकाळी घ्या, सकाळी थंडीत नको. उन्हाळ्यात बोटं सुजतात. अंगठी सांध्यावरून उतरली पाहिजे आणि खाली ढिली फिरता कामा नये. ज्या रुंदीची पट्टी करणार, त्याच रुंदीच्या मापाच्या कडीने मोजा, कारण रुंद पट्टी घट्ट बसते. मुलगी किंवा मुलगा परदेशात असेल तर नुसता नंबर मागवू नका. भारतातला १२ नंबर म्हणजे अमेरिकेतला साधारण ६. दोन्हीकडे आतला व्यास मिलिमीटरमध्ये कळवा. अमेरिकेतल्या ६ नंबरचा व्यास साधारण १६.५ मिलिमीटर असतो.

४. सुटा खडा पाहा, आणि दुकानातल्या दिव्यांखाली ठरवू नका

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. सराफाला सांगा की सुटे, पैलू पाडलेले खडे पाहायचे आहेत, किमान चार-पाच शेजारी शेजारी. एकच खडा पाहिला तर तो चांगलाच वाटतो.

शोकेसवरच्या प्रखर दिव्यांखाली प्रत्येक नीलम चमकतो. खडा घेऊन दुकानाच्या दाराशी किंवा खिडकीपाशी या. ऊन थेट पडत नसेल अशा दिवसाच्या उजेडात, पांढऱ्या कागदाच्या घडीत ठेवून पाहा. मग ट्यूबलाइटखाली आणि शेवटी पिवळ्या बल्बखाली. काही नीलम दिवसा सुंदर निळे आणि पिवळ्या उजेडात करडे किंवा जांभळट होतात. साखरपुडा बहुधा हॉलमध्ये, संध्याकाळी असतो. तिथल्या उजेडातही तो निळा राहायला हवा.

आता खडा हातात घ्या आणि या चार गोष्टी पाहा.

खिडकी. खडा वर्तमानपत्राच्या बारीक अक्षरांवर ठेवा आणि वरून सरळ पाहा. मधल्या भागातून अक्षरं आरपार वाचता आली तर तिथे उजेड परत न फिरता खालून निसटतो आहे. मधोमध फिकट पाणी आणि कडेला निळा रंग, असा तो खडा दिसतो. बाजारात यालाच विंडो म्हणतात. थोडीशी चालते. अर्धा खडा फिकट असेल तर सोडून द्या.

काळे भाग. खडा हळूहळू डावीकडे-उजवीकडे कलता करा. प्रत्येक कोनात काही पैलू काळे होतात, ते साहजिक आहे. पण कसाही फिरवला तरी निम्म्याहून जास्त खडा काळाच राहत असेल, तर तो बोटातही काळाच दिसणार.

रंगाचे पट्टे. खडा पांढऱ्या कागदावर उलटा, सपाट बाजू खाली करून ठेवा आणि बाजूने, मागून पाहा. निळे आणि पांढरे सरळ पट्टे दिसतील. नैसर्गिक नीलमात ते सर्रास असतात. वरून पाहताना रंग सगळीकडे एकसारखा वाटत असेल तर हरकत नाही. कारागीर कधी कधी निळा भाग मुद्दाम टोकाशी ठेवतात, म्हणजे वरून सगळा खडा निळा दिसतो. ती फसवणूक नव्हे, कौशल्य आहे, पण तिरका धरल्यावर एक बाजू पांढरी पडत असेल तर किंमत त्या मानाने कमी व्हायला हवी.

पोट. खडा बाजूने पाहा. खालचा भाग फुगीर, घागरीसारखा असेल तर तुम्ही न दिसणाऱ्या वजनाचे पैसे देत आहात. वर तो खडा लहानच दिसेल आणि कोंदणही उगाच उंच करावं लागेल.

भिंगातून, म्हणजे दहापट दाखवणाऱ्या लूपमधून, आत बारीक रेशमासारखे तंतू किंवा बोटाच्या ठशासारखी जाळी दिसली तर घाबरू नका. नीलम हिऱ्याइतका स्वच्छ क्वचितच मिळतो. काळजी करायची ती पृष्ठभागापर्यंत येणाऱ्या चिरांची. रोजच्या वापरात तिथूनच टवका उडतो.

तपासा: आवडलेल्या खड्याचं कॅरेट वजन, लांबी, रुंदी आणि खोली मिलिमीटरमध्ये टिपून घ्या. लूपला मोबाइल लावून आतल्या एखाद्या ठळक खुणेचा फोटो काढा. पुढे याचं काम पडणार आहे.

सावधान: दुधात टाकून दूध निळं दिसतं का, श्वासाची वाफ किती लवकर उडते, हाताला गार लागतो का, अशा घरगुती परीक्षांवर पैसे लावू नका. कारखान्यात बनवलेला नीलम हाही कुरुविंदच असतो, त्यामुळे या सगळ्या परीक्षा तोही पास होतो. सराफाकडच्या हिरा तपासायच्या पेनने नैसर्गिक आणि कृत्रिम नीलम यांतला फरक कळत नाही.

५. प्रक्रिया आणि मूळ, दोन्ही थेट विचारा

"ओरिजिनल आहे का?" हा प्रश्न निरुपयोगी आहे. त्याला सगळे "हो" म्हणतात. त्याऐवजी विचारा: "नैसर्गिक आहे की सिंथेटिक? तापवलेला आहे का? तापवण्याखेरीज आणखी काही केलंय का?"

तापवलेला नीलम घ्यायला काहीच हरकत नाही. बाजारातले बहुतेक नीलम रंग आणि पारदर्शकता सुधारण्यासाठी फार मोठ्या तापमानाला भाजलेले असतात. तो बदल कायमचा असतो, जगभर मान्य आहे, आणि साखरपुड्याच्या अंगठीसाठी मी तापवलेला, उजळ खडाच सुचवेन. न तापवलेल्या खड्याची किंमत दुर्मीळतेमुळे वाढते. तेवढे पैसे द्यायचे असतील तर लॅबचा लेखी निष्कर्ष हवाच. सराफाचा शब्द इथे पुरत नाही.

पुढचे तीन प्रकार मात्र वेगळे. एक, डिफ्युजन: बाहेरून मूलद्रव्य घुसवून रंग आणतात. टायटॅनियमचा निळा रंग फक्त वरच्या थरात असतो आणि पुन्हा पॉलिश केल्यावर जाऊ शकतो. बेरिलियम आतवर जातं आणि पुष्कराजाच्या पिवळ्या-केशरी खड्यांत ते जास्त आढळतं. दोन, काचभरण: चिरा शिशाच्या काचेने, कधी कोबाल्टच्या निळ्या काचेने भरतात. हा खडा सोनाराच्या आम्लाने, आचेने, अगदी लिंबाच्या रसानेही खराब होतो. रोजच्या अंगठीसाठी तो नकोच. तीन, कृत्रिम नीलम. तो टिकाऊ असतो आणि जाणूनबुजून, त्याच्या कमी भावात घेतला तर त्यात काही वावगं नाही.

मुळाचंही असंच. "काश्मिरी" आणि "सिलोनी" (म्हणजे श्रीलंकेचा) हे शब्द दुकानात पुष्कळदा रंगासाठी वापरतात, खाणीसाठी नाही. किश्तवाडमधल्या पाडरचा जुना काश्मिरी नीलम फार दुर्मीळ आहे आणि तो सहजासहजी ट्रेमध्ये येत नाही. आज मिळणारे चांगले खडे बहुतेक श्रीलंका आणि मादागास्करचे. दोन्हीकडे उत्तम माल निघतो. खडा डोळ्यांना आवडला असेल तर देशाच्या नावासाठी जादा पैसे देऊ नका. द्यायचेच असतील तर ते मूळ रिपोर्टवर आलेलं असू द्या.

"नीली" नावाने मिळणारा जांभळट निळा खडा म्हणजे आयोलाइट. ते वेगळं खनिज आहे आणि नीलमापेक्षा मऊ आहे. टांझानाइटही मऊच. दिसायला सुंदर असले तरी रोज वापरायच्या अंगठीत दोन्ही लवकर ओरखडतात.

६. लॅब रिपोर्ट, पैसे पूर्ण देण्याआधी

दुकानाचं स्वतःचं कार्ड किंवा विक्रेत्याने छापलेलं "गॅरंटी सर्टिफिकेट" म्हणजे रिपोर्ट नव्हे. जीआयए, आयजीआय, किंवा जयपूरची रत्ननिर्यात परिषदेची लॅब, जिला बाजारात बरेच जण अजून जीटीएल म्हणतात, अशा स्वतंत्र लॅबचा रिपोर्ट मागा. फारच महागडा खडा असेल तर स्वित्झर्लंडच्या गुबेलिन किंवा एसएसईएफचा.

रिपोर्टवर चमकदार फोटोपेक्षा हे शब्द वाचा. खनिजापुढे "नॅचरल कोरंडम", म्हणजे नैसर्गिक कुरुविंद, आहे का? प्रक्रियेपुढे काय आहे? "इंडिकेशन्स ऑफ हीटिंग" म्हणजे तापवलेला, "नो इंडिकेशन्स ऑफ हीटिंग" म्हणजे तापवल्याच्या खुणा आढळल्या नाहीत. "डिफ्युजन", "ग्लास फिल्ड" (काचभरण), "कॉम्पोझिट" (खडा आणि काच मिळून झालेला) यांतला एकही शब्द दिसला तर खडा परत करा. प्रक्रियेचा रकानाच नसेल तर तो रिपोर्ट तुमच्या कामाचा नाही.

खडा अजून तपासलेला नसेल तर सराफाशी लेखी ठरवा: थोडी आगाऊ रक्कम, खडा लॅबला जाणार, निष्कर्ष सांगितल्यापेक्षा वेगळा आला तर रक्कम परत. प्रामाणिक पेढीला यात अडचण नसते. ज्यांना असते, तिथून घेऊ नका.

तपासा: रिपोर्टचा नंबर लॅबच्या वेबसाइटवर टाकून पाहा. वजन आणि मिलिमीटरमधली मापं तुमच्या टिपणाशी जुळतात का ते बघा. खरा रिपोर्ट आणि भलताच खडा, असा प्रकारही होतो.

७. आता कोंदण

थोरांचा आग्रह २२ कॅरेट सोन्याचा असतो, कारण मोडीला भाव चांगला येतो. पण खडा धरून ठेवायला २२ कॅरेट मऊ पडतं. खड्याला पकडणारी नखं वाकली की खडा सुटतो. १८ कॅरेट घ्या. मोडीतला फरक खडा हरवण्यापेक्षा स्वस्त. व्हाइट गोल्ड हवं असेल तर त्यावरचा ऱ्होडियमचा थर काही काळाने उतरतो आणि पुन्हा चढवावा लागतो, हे माहीत असू द्या. प्लॅटिनमला ती भानगड नाही.

गोल किंवा लंबगोल खड्याला चार ते सहा नखं पुरतात. थेंबासारखं (पेअर आकाराचं) किंवा चौकोनी टोक असेल तर त्या टोकावर इंग्रजी व्हीच्या आकाराचं नख हवं, नाहीतर टोक उडतं. घरकाम, बाळाचं करणं, दवाखान्यात हातमोजे घालणं असा दिनक्रम असेल तर कडेने सोन्याची पूर्ण पट्टी असलेलं बंद कोंदण उत्तम. पैठणीच्या जरीत आणि शालूच्या काठात नखं अडकतात, पट्टी अडकत नाही. फक्त खालची बाजू उघडी ठेवायला सांगा. उजेड आत येतो आणि साबणाचा मळ धुता येतो. मागून बंद कोंदणात खड्यामागे चकचकीत पत्रा लावून रंग वाढवलेला असू शकतो, म्हणून बंद पाठीची तयार अंगठी घेऊच नका.

खडा जितका खाली बसेल तितका आपटतो कमी.

सावधान: कारागिराला बजावून सांगा की डाग देताना, म्हणजे झाळकाम करताना, नीलम अंगठीत नसावा. झाळकामात वापरला जाणारा टाकणखार तापल्यावर नीलमाच्या पृष्ठभागाला खातो आणि चकाकी जाऊन खडबडीतपणा येतो. आधी सगळं झाळकाम आणि पॉलिश, खडा शेवटी. पुढे कधी माप लहानमोठं करायचं झालं तरी हीच सूचना.

८. बिल आणि ताबा

पक्कं बिल घ्या. त्यात सोन्याचं निव्वळ वजन वेगळं, खड्याचं वजन कॅरेटमध्ये वेगळं, शुद्धता, घडणावळ, जीएसटी, रिपोर्टचा नंबर आणि "नॅचरल सफायर, हीटेड" किंवा "अनहीटेड" असे शब्द लिहिलेले हवेत. सगळी अंगठी तोलून सोन्याच्या भावाने आकारली तर खड्याचे पैसे दोनदा जातात. ५ कॅरेटचा खडा म्हणजे पूर्ण १ ग्रॅम.

अंगठीच्या आत बीआयएसचा शिक्का (हॉलमार्क), १८ कॅरेटला १८के७५०, आणि एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा सहा अक्षरी-आकडी ओळख क्रमांक, शोधा. तो बीआयएस केअर अॅपमध्ये टाका, तपशील लगेच दिसतात. २ ग्रॅमपेक्षा कमी सोन्याच्या दागिन्याला हॉलमार्कची सक्ती नाही, त्यामुळे नाजूक अंगठीवर तो नसेल तर ते आधीच विचारून ठेवा.

ताबा घेताना दुकानातच हे करा. लूपने आतली खूण पाहा आणि मोबाइलमधल्या फोटोशी जुळवा. खडा तोच आहे ना? कडेला नवा टवका नाही ना? अंगठी कानाजवळ धरून बोटाने हलकेच टिचका. टकटक आवाज आला तर खडा ढिला आहे. लोकरी कापड किंवा ओढणी खड्यावरून सगळ्या बाजूंनी फिरवा. धागा अडकला तर तिथलं नख उचललेलं आहे. ते तिथल्या तिथे बसवून घ्या.

९. नंतरची काळजी

कोमट पाणी, साधा साबण आणि मऊ ब्रश एवढंच लागतं. कठीणपणाच्या मोह्ज मापावर नीलम ९ असल्याने तो सहज ओरखडत नाही, पण हिरा त्याला ओरखडतो आणि तो मोती, पाचू, सोनं सगळ्यांना ओरखडतो. म्हणून डबीत वेगळा कप्पा द्या. कणीक मळताना, भांडी घासताना आणि समुद्रात उतरताना अंगठी काढून ठेवा. थंड पाण्यात बोटं आकसतात आणि अंगठी कळायच्या आत निसटते.

वर्षातून एकदा नखं सराफाला दाखवा. रिपोर्टची मूळ प्रत अंगठीबरोबर ठेवू नका. ती बिलासोबत वेगळ्या जागी ठेवा आणि दोन्हींचे फोटो दोघांच्याही मोबाइलमध्ये असू द्या. दागिन्यांचा विमा काढायचा झाला किंवा अंगठी हरवून तक्रार द्यावी लागली, तर हीच कागदपत्रं मागतात.